आरसी (रेडिओ-नियंत्रित) नौका ‘स्वतः बांधली’ असे केव्हा म्हणता येते?

वाळवंटीकाठ, सांखळी

सर्वांस नमस्कार. आमच्या भागातील काही शिक्षक आणि हौशी मंडळी मिळून यंदा दिवाळीनंतर शाळा-महाविद्यालयांतील मुलांसाठी रेडिओ-नियंत्रित नौकांचे प्रदर्शन आणि त्याला जोडून तळ्यावर नौका चालवण्याची स्पर्धा घेणार आहोत. नियमावली लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे आणि ‘नौका स्पर्धकाने स्वतः बांधलेली असावी’ या एका वाक्यापाशी ती अडली आहे. या वाक्याचा अर्थ प्रत्येक पालक वेगळा लावतो आणि प्रत्येकाच्या म्हणण्यात काही ना काही तथ्य असते.

आमच्याकडे हाताने नौका करण्याची सवय जुनी आहे. त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री विठ्ठलापूरला वाळवंटी नदीत नौका सोडतात, त्यांची स्पर्धा होते आणि ती पाहायला दूरदूरहून लोक येतात. त्या नौकांच्या बाबतीत ‘ही कोणी केली’ असा प्रश्न सहसा पडत नाही, कारण त्यांची कल्पना, सांगाडा, सजावट आणि रोषणाई करणाऱ्यांच्याच हातची असते. आमच्या स्पर्धेतील नौकेने मात्र स्वतःच्या मोटरवर पुढे जायचे आहे, पाण्यातील बोयाला वळसा घालायचा आहे आणि काठाला परत यायचे आहे. त्यासाठी लागणारी मोटर, स्पीड कंट्रोलर, सर्व्हो (सुकाणू वळवणारी छोटी मोटर), रिसीव्हर (रिमोटचा संदेश घेणारा भाग) आणि बॅटरी यांपैकी काहीही कोणी घरी तयार करत नाही. म्हणजे ‘सर्व काही स्वतः’ हा अर्थ पहिल्याच पायरीवर गळून पडतो.

आतापर्यंत ज्यांनी चौकशी केली त्यांच्या नौका एकमेकींपासून फार निराळ्या आहेत. एका मुलाने पूर्ण तयार, डब्यातून काढली की चालणारी बोट घेतली असून तिला नवा रंग आणि वरचा नवा केबिनचा भाग दिला आहे. दुसऱ्याने फायबरचा हल, म्हणजे नौकेचे रिकामे धड, तेवढा ऑनलाइन मागवला आहे आणि डेकपासून सुकाणूपर्यंतचे सारे तो स्वतः बसवतो आहे. एका मुलीने इंटरनेटवरून फाइल उतरवून हल थ्रीडी प्रिंटरवर छापला आहे. आणि एका नववीतल्या मुलाची नौका पूर्णपणे प्लायवूडची असली तरी तिचे कापकाम त्याच्या मामाने, जो व्यवसायाने मेस्त (सुतार) आहे, करून दिले आहे. या चौघांपैकी कोणाला ‘हो’ म्हणावे आणि कोणाला ‘नाही’?

‘६० टक्के काम स्वतःचे असावे’ अशी एक सूचना आली आहे, पण टक्के कशाचे मोजायचे हे मला उमगत नाही. किमतीचे मोजले तर विजेचे सामान बाकी सगळ्यावर भारी पडते. तासांचे मोजले तर रंगकाम आणि पॉलिश पेपर घासणे यांचीच बेरीज सर्वांत मोठी येते. मला मुलांवर अन्याय होऊ द्यायचा नाही आणि ज्याने महिनोन्महिने खपून लाकडाची नौका उभी केली त्याचे श्रम पातळही होऊ द्यायचे नाहीत. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

मुरगाव बंदर, वास्को

ताई, आपला प्रश्न नियमावलीपुरता नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. माझी नोकरीची सगळी वर्षे जहाजबांधणीत गेली आणि निवृत्तीनंतर मी आरसी नौका बांधतो, तेव्हा दोन्ही बाजूंनी विचार करण्याची मला सवय आहे.

जहाज बांधणारा कारखाना इंजिन तयार करत नाही. गिअरबॉक्स, रडार, पंप, दोरखंड, पोलादाचे पत्रे, अनेकदा प्रोपेलरसुद्धा बाहेरून येतो. आराखडाही पुष्कळदा बाहेरचाच असतो. गोव्यातील दिवाडी बेटावर बांधली गेलेली नौदलाची शिडाची नौका ‘म्हादेई’ घ्या. तिचा आराखडा व्हान द स्टाट या डच संस्थेचा, ‘टोंगा ५६’ नावाचा. तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये तीच प्रदक्षिणा कुठेही न थांबता पूर्ण केली. नौका गोव्यात बांधली असे सगळे म्हणतात आणि ते पूर्णपणे योग्य आहे. मग दिवाडीच्या त्या कारखान्याने केले काय? कागदावरच्या रेषांमधून पाण्यावर सरळ उभी राहणारी, न गळणारी, शाफ्ट (प्रोपेलर फिरवणारा दांडा) सुरळीत फिरणारी आणि वजने जागच्या जागी असलेली एक वस्तू निर्माण केली. बांधणे या कामाचा गाभा माझ्या मते एवढाच आहे, आणि तो छोट्या नौकेतही जसाच्या तसा लागू पडतो.

हे मुलांच्या नौकेत कुठे दिसते ते सांगतो. पहिली गोष्ट वजनाची. नौका एक-विसांश मापाची केली की तिची प्रत्येक लांबी वीस पटींनी कमी होते, पण वजन वीस गुणिले वीस गुणिले वीस, म्हणजे आठ हजार पटींनी कमी व्हावे लागते. समजा मूळ ट्रॉलर १४ मीटर लांबीचा आणि भरलेल्या स्थितीत २० टनांचा आहे; तर त्याची प्रतिकृती ७० सेंटिमीटर लांब होईल आणि खऱ्या जलरेषेवर (पाणी हलला जिथवर टेकते त्या रेषेवर) तरंगायची तर तिचे सगळ्यासकट वजन अडीच किलो भरावे लागेल. हल, डेक, केबिन, मोटर, बॅटरी, रंग, शिसे, सारे त्या अडीच किलोंत. ज्याने तयार हल घेतला त्यालाही हा हिशेब चुकत नाही. केबिन जाड प्लायची केली की वजन वर चढते, मग ते तोलण्यासाठी तळाशी शिसे घालावे लागते आणि शिसे घातले की नौका जलरेषेखाली बसते.

वारा हा याहून कठीण विषय आहे, कारण त्याचे माप कोणी कमी करून देत नाही. वारा तोच राहिला तर नौकेला कलंडवणारे बल-आघूर्ण (फिरवणारा जोर) लांबीच्या घनाप्रमाणे घटते, पण तिला परत सरळ करणारे आघूर्ण लांबीच्या चौथ्या घाताप्रमाणे घटते. म्हणून एक-विसांश नौका त्याच वाऱ्यापुढे मूळ बोटीपेक्षा वीस पट दुबळी ठरते. हे ज्या मुलाला ठाऊक आहे तो बॅटरी पठाणालगत (तळाच्या मधल्या कण्यालगत), शक्य तितकी खाली ठेवतो आणि केबिन हलकी करतो. ज्याला ठाऊक नाही त्याची देखणी नौका दुपारच्या वाऱ्यात पहिल्याच वळणावर आडवी होते.

नंतर येतो शाफ्ट. माझ्या अनुभवात नवख्याचे कौशल्य सर्वांत जास्त इथे तपासले जाते. स्टर्न ट्यूब, म्हणजे शाफ्ट ज्यातून हलबाहेर जातो ती नळी, कोणत्या कोनात बसवायची, तिचे आतले तोंड जलरेषेच्या वर राहते की नाही, ट्यूबमध्ये ग्रीस भरले आहे की नाही, मोटर आणि शाफ्ट एका रेषेत आहेत की नाहीत, या सगळ्याचा निर्णय बांधणाऱ्याला घ्यावा लागतो. मी मुलांना सांगतो की मोटर आणि शाफ्ट आधी एका सरळ धातूच्या नळीने घट्ट जोडा, त्याच स्थितीत मोटरचा पाया चिकटवा आणि गोंद पूर्ण सुकल्यावर नळी काढून तिथे लवचीक कपलिंग बसवा. रेषा एका मिलिमीटरने जरी सरकली तरी मोटर गुरगुरते, तापते आणि बॅटरी अर्ध्या वेळात रिकामी होते. हे काम कोणत्याही डब्यात तयार मिळत नाही.

रेडिओबद्दल थोडक्यात. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओने चालणारी नौका दाखवली आणि त्याच वर्षी तिचे पेटंट मिळवले. त्या वेळी रेडिओ हाच शोध होता, म्हणून तो स्वतः करणे क्रमप्राप्त होते. आज २.४ गिगाहर्ट्झचा संच दुकानातून आणणे हे इंजिन बाहेरून आणण्यासारखेच आहे. मात्र तो संच कसा बसवला ते पाहावे. या लहरी पाण्यात शिरताच विरून जातात, म्हणून रिसीव्हरची अँटेना जलरेषेच्या वर असावी लागते, आणि संदेश तुटला तर मोटर आपोआप थांबेल असे फेलसेफ लावून ठेवावे लागते. ज्याने ते लावले नाही त्याची नौका संदेश तुटल्यावर तशीच पुढे जात राहते. तळ्यात ते एक वेळ निभावते. कुंभारजुव्याच्या कालव्यासारख्या ठिकाणी, जिथे मगरी आहेत, नौकेमागे पाण्यात उतरण्याचा विचारही करता येत नाही.

तेव्हा माझे मत असे. डब्यातून काढून रंगवलेली बोट स्वतः बांधलेली नाही, कारण वरीलपैकी एकही निर्णय त्या मुलाने घेतलेला नाही. तयार हल घेऊन बाकी सर्व स्वतः बसवणाऱ्याची नौका मात्र स्वतः बांधलेली मानावी. परीक्षकांनी टक्केवारी मोजत बसण्याऐवजी मुलाला विचारावे की बॅटरी इथेच का ठेवली, शाफ्टचा कोन एवढाच का, प्रोपेलर याच व्यासाचा का. ज्याने बांधली आहे त्याला उत्तर आठवावे लागत नाही.

कुडतरीचे तळे, सासष्टी

मुरगाव बंदरवाल्या काकांविषयी पूर्ण आदर राखून मी वेगळे मत मांडतो. शाफ्ट, वजन आणि वारा यांबद्दल त्यांनी जे लिहिले त्यातील एकही शब्द मी नाकारत नाही. पण त्यांच्या स्वतःच्या व्यवसायातही हल उभा करणे आणि मग आउटफिटिंग (यंत्रे आणि बाकीचे सामान बसवणे) करणे हे दोन वेगळे टप्पे असतात. हल म्हणजेच नौका. तिची रुंदी किती, नाळ (पुढच्या टोकाची कड) किती उभी, तळ सपाट की निमुळता, मागचा भाग पाणी कसे सोडतो, हे सगळे हलमध्येच ठरून गेलेले असते. ज्याने तयार फायबर हल घेतला त्याने नौकेचा स्वभावच दुसऱ्याकडून घेतला आणि त्या स्वभावाशी जुळवून घेण्याचे काम केले. ते काम मोठे आहे, पण त्याला मी सजवणे-जोडणे म्हणेन, बांधणे म्हणणार नाही.

‘म्हादेई’च्या उदाहरणानेही माझेच म्हणणे बळकट होते. आराखडा डच होता, हे खरे. पण हल दिवाडीवर उभा राहिला. तो हॉलंडमधून तयार येऊन इथे फक्त इंजिन आणि शिडे बसवली असती तर आपण ‘गोव्यात बांधली’ असे इतक्या अभिमानाने म्हटले असते का? गोव्यातच काथ्याने फळ्या शिवून उभ्या राहिलेल्या, २०२५ मध्ये नौदलात दाखल झालेल्या ‘कौंडिण्य’चे उदाहरण तर आणखी बोलके आहे. तिच्यासाठी जुना आराखडा उपलब्धच नव्हता. अजिंठ्याच्या लेण्यातील चित्रावरून आकार ठरवावा लागला आणि तो पाण्यात कसा वागेल हे पाहण्यासाठी आयआयटी मद्रासमध्ये प्रतिकृतीवर चाचण्या झाल्या. आकार शोधणे हा बांधणीचा किती मोठा भाग आहे, हे त्यातून दिसते.

हा भेद आपणच नव्याने करतो आहोत असेही नाही. नौका-प्रतिकृतींसाठी १९५९ पासून काम करणाऱ्या ‘नाविगा’ या जागतिक संघटनेच्या स्पर्धांमध्ये स्वतः आराखड्यावरून बांधलेल्या चालत्या प्रतिकृतींसाठी एफ-२ आणि तयार संचातून बांधलेल्यांसाठी एफ-४ असे वेगळे वर्ग आहेत. न चालणाऱ्या प्रतिकृतींमध्येही प्लास्टिकच्या संचांना सी-६ आणि कागदाच्या नौकांना सी-७ हा निराळा वर्ग आहे. संचाला तिथे कमी लेखत नाहीत, त्याला त्याची जागा देतात. याच्या अगदी उलट टोकाला ‘इंटरनॅशनल वन मीटर’ हा शिडाच्या आरसी नौकांचा वर्ग आहे. तिथे हलची लांबी एक मीटरच्या आत आणि वजन किमान चार किलो असले, बाकीची मापे नियमांत बसली, की ती नौका कोणी बांधली हे कोणी विचारत नाही, कारण तिथे कस लागतो तो शर्यतीतल्या कौशल्याचा. ताईंनी आधी हे ठरवावे की आपल्याला शर्यत हवी आहे की बांधणी पाहायची आहे. दोन्ही एकाच गुणपत्रिकेवर घालू नयेत.

आता जो मुद्दा मला सर्वांत जवळचा आहे तो. मुलांना तयार हल घ्यावासा वाटतो, कारण त्यांना वेगवान बोट किंवा युद्धनौका करायची असते आणि तिचे दोन्ही बाजूंनी वळणारे तळ प्लायमध्ये साधत नाहीत. मग विषयच असा निवडावा की जो हाताला साधेल. आपल्या डोळ्यांसमोर पणजी-बेतीची फेरीबोट आहे, मांडवी आणि झुआरीवरून मुरगावकडे खनिज वाहून नेणाऱ्या बार्ज आहेत. त्यांचा तळ सपाट, बाजू जवळजवळ उभ्या, फक्त पुढे-मागे थोडा उतार. तीन-चार मिलिमीटरचा चांगला प्लाय, मध्ये आडव्या चौकटी, कडांना पट्ट्या आणि आतून इपॉक्सीचा थर, एवढ्यावर ती नौका उभी राहते. पोटात जागा भरपूर असल्यामुळे बॅटरी खाली आणि मधोमध ठेवता येते, आणि रुंदी जास्त असल्यामुळे काकांनी सांगितलेल्या वाऱ्यापुढेही ती टिकते. बार्जची प्रतिकृती रिकामी आणि भरलेली अशा दोन जलरेषांवर तरंगवून दाखवणारा मुलगा मला वेगवान तयार हलवाल्यापेक्षा शतपटीने प्रिय वाटेल.

ज्याला वळणदार हलच हवा असेल त्याने किनाऱ्यावरच्या होडीची मापे घ्यावीत. पावसाळ्यात पुष्कळ होड्या झावळ्यांच्या आडोशाखाली ओढून ठेवलेल्या असतात, आणि १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या दिवसांत मच्छीमार बांधवांना बोलायलाही थोडी सवड असते. मालकाची परवानगी घेऊन होडीच्या मध्यावरून नाळेपासून मागपर्यंत एक दोरी ताणून बांधावी, ठरावीक अंतरावर तिच्यावरून ओळंबा सोडावा आणि त्या प्रत्येक ठिकाणी निरनिराळ्या उंचीवर मधल्या रेषेपासून होडीच्या अंगापर्यंतचे आडवे अंतर मोजून वहीत लिहावे. तेवढ्या आकड्यांवरून प्रत्येक चौकटीचा आकार कागदावर उतरतो. जी होडी आजवर कोणत्याही आराखड्यात आली नाही ती अशा रीतीने प्रथमच कागदावर येते, आणि त्या मुलाच्या नौकेला मग कोणतेही प्रमाणपत्र लागत नाही.

थ्रीडी फोंडा

मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे आणि माझे दोन्ही हल छापलेले आहेत, त्यामुळे प्रिंटरच्या बाजूने कोणीतरी बोलावे म्हणून लिहितो. छापलेला हल म्हणजे बटण दाबून मिळालेला हल, ही समजूत अपुरी आहे. घरगुती प्रिंटरचा पाट साधारण २२० मिलिमीटरचा असतो, म्हणजे ७० सेंटिमीटरची नौका तुकड्यांतच छापावी लागते आणि ते तुकडे वाकडे न होता एका रेषेत जोडणे हे चौकटी उभ्या करण्याइतकेच नाजूक काम आहे. थरांच्या मधून पाणी झिरपते, म्हणून आतून इपॉक्सी लावल्याशिवाय हल भरवशाचा होत नाही. आपल्या हवेत तर आणखी अडचणी येतात. पावसाळ्यात फिलॅमेंट (छपाईचा प्लास्टिकचा तंतू) ओलावा शोषते आणि छपाईत बुडबुडे येतात. पीएलए हा पदार्थ साधारण ६० अंश सेल्सियसला मऊ पडू लागतो, तेव्हा मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेली नौका वाकून जाऊ शकते. मी म्हणून पीईटीजी हे दुसरे प्लास्टिक वापरतो.

मात्र कुडतरीच्या दादांच्या युक्तिवादातील एक भाग मी मान्य करतो. फाइल कोणाची, हा प्रश्न रास्त आहे. जिने दुसऱ्याची फाइल उतरवून छापली तिची स्थिती तयार हल घेणाऱ्यासारखीच धरावी, फक्त जोडणी आणि जलरोधनाचे श्रम तिच्या खाती अधिक. पण जो मुलगा डेल्फ्टशिपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः रेषा ओढतो, नौका किती खोल बसेल याचा हिशेब करतो, मग छापतो, त्याने हलचा प्रत्येक निर्णय स्वतः घेतला आहे. होडीची मापे ओळंब्याने घेऊन ती संगणकावर चढवली आणि मग हल छापला, तर त्याला काय म्हणणार? माझ्या मते ती पूर्ण स्वतः बांधलेली नौका आहे. लाकूड आणि प्लास्टिक यांत भेदभाव करणारा नियम येऊ नये, एवढीच विनंती.

वाळवंटीकाठ, सांखळी

आपण तिघांनीही इतक्या आस्थेने लिहिलेत, देव बरें करूं. माझ्या मनात आता दोन वर्ग पक्के होत आहेत. ज्यांनी हलचा आकार स्वतः ठरवला किंवा मोजला आणि हल स्वतः उभा केला ते एका वर्गात, मग साहित्य प्लाय असो, फायबर असो की छापलेले. आणि ज्यांनी तयार हल, संच किंवा दुसऱ्याची फाइल घेतली पण बाकीची सर्व बांधणी स्वतः केली ते दुसऱ्या वर्गात. डब्यातून काढलेल्या बोटींना चालवण्याच्या शर्यतीत येऊ द्यावे, पण बांधणीच्या पारितोषिकासाठी धरू नये. प्रत्येकाने नौकेसोबत एक पान लिहून द्यावे, ज्यात बाहेरून काय आणले, कोणाचा आराखडा घेतला आणि कोणी मदत केली हे स्पष्ट लिहिलेले असेल. विमान-प्रतिकृतींच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये प्रमाणबद्ध विमाने स्वतः बांधल्याचे असे निवेदन द्यावे लागते, हे मला एका परिचितांकडून कळले आणि ते मला फार योग्य वाटले. पान खरे लिहिले म्हणून कोणाचे गुण कापले जाणार नाहीत, हेही नियमात लिहीन. नाहीतर मुले लपवायला शिकतील.

दोन प्रश्न उरतात. मेस्त मामाने कापकाम करून दिलेल्या त्या नववीतल्या मुलाचे काय करावे? शिवाय नौका पाण्यात सोडण्यापूर्वी काठावर परीक्षकांनी नेमके काय तपासावे, म्हणजे आतील काम स्वतःचे आणि नीट आहे हे उघड होईल?

मुरगाव बंदर, वास्को

ताई, दोन वर्गांची कल्पना मला पटते. कुडतरीकरांचे हलविषयीचे म्हणणेही त्यात नीट सामावते, जरी दुसऱ्या वर्गाला ‘जोडणी’ असे नाव द्यायला माझा विरोध राहील. त्या वर्गालाही ‘बांधणी’च म्हणावे.

मेस्त मामाबद्दल माझे मत सरळ आहे. यांत्रिक करवत, राउटर किंवा ग्राइंडर नववीतल्या मुलाने एकट्याने चालवू नये, म्हणून ते काम वडीलधाऱ्याने करून देणे हा दोष नाही, सुरक्षिततेचा भाग आहे. पाहायचे एवढेच की कुठे कापायचे त्या रेषा कोणी आखल्या. मुलाने आखल्या असतील आणि मामाने कापून दिल्या असतील तर नौका मुलाची. चौकटी पठाणावर काटकोनात उभ्या करणे, चिकटवणे, घासून एका वळणात आणणे आणि शाफ्ट बसवणे हे मात्र मुलाच्याच हातचे असावे. बोटांवर गोंदाचे डाग असलेला मुलगा परीक्षकांना ओळखू येतो.

तपासणीसाठी काठावर एक मोठा प्लास्टिकचा टब ठेवा आणि त्यात तळ्याचेच पाणी भरा. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असल्यामुळे बायणा किंवा मिरामारला तोललेली नौका तळ्यात किंचित खोल बसते, हे मुलांना त्याच वेळी दाखवताही येईल. नौका टबमध्ये सोडून ती आखलेल्या जलरेषेवर बसते का आणि कोणत्या बाजूला कलते का ते पाहावे. मग डेकची कड बोटाने पाण्यापर्यंत दाबून सोडून द्यावी. चांगली तोललेली नौका लगेच आणि ठामपणे उभी राहते, वजन वर असलेली रेंगाळते. दहा मिनिटे तशीच पाण्यात ठेवून डेकचे झाकण उघडावे आणि स्टर्न ट्यूबच्या आतल्या तोंडापाशी कोरडा कागद फिरवावा. शेवटी मोटर चालू असताना रिमोट बंद करायला सांगावे. प्रोपेलर थांबला तर फेलसेफ लावलेले आहे. न थांबला तर ती नौका तळ्यात सोडू देऊ नये, मग ती कितीही सुंदर असो. बॅटरी लिथियम पॉलिमरची असेल तर ती फुगलेली नाही ना, हेही बघून घ्यावे आणि काठावर वाळूची एक बादली हाताशी ठेवावी.

वेगाबद्दलही परीक्षकांना एक सूचना द्या. प्रतिकृतीचा शोभणारा वेग मापाच्या वर्गमुळाने कमी होतो. विल्यम फ्रूड यांनी १८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये टाकीतील नौकांवर प्रयोग करून हा नियम व्यवहारात आणला. ९ नॉटने जाणाऱ्या ट्रॉलरची एक-विसांश प्रतिकृती सेकंदाला सुमारे एक मीटर गेली की तिच्या नाळेपाशी उठणारी लाट खऱ्या बोटीसारखी दिसते. त्याहून दुप्पट वेगाने धावणाऱ्या ट्रॉलरला बांधणीचे जादा गुण देऊ नयेत.

कुडतरीचे तळे, सासष्टी

काका, ‘बांधणी’ हे नाव दोन्ही वर्गांना देण्यास माझी हरकत नाही, पण सर्वोत्तम नौकेचे एकच पारितोषिक ठेवणार असाल तर ते पहिल्याच वर्गातून जावे, या मतावर मी कायम आहे.

ताई, शाफ्टची जोडणी आणि टबमधील तोल ही दोन कामे मुलांना स्पर्धेच्या बरीच आधी, एखाद्या रविवारी प्रत्यक्ष करून दाखवता आली तर फार बरे होईल. तुमच्या बाजूला बेत ठरला तर मी फेरीबोटीच्या चौकटींचे पूर्ण मापातले कागदी साचे घेऊन येतो. ज्यांनी अजून विषय निवडलेला नाही ते तिथूनच प्लायवर रेषा आखू शकतील. होडीची मापे घेणारा कोणी पुढे आला तर मात्र त्याला आताच कळवा, कारण जुलै सरला की होड्या पाण्यात जातात.